बेडक्याचा मागोवा

भांड्यात पाणी घ्यायचं, रोग्याने खाकरून काढलेला बेडका त्यात टाकायचा आणि तो तरंगतो की बुडतो ते बघायचं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे मरण जवळ आल्याची लक्षणं सांगणाऱ्या भागात, ही परीक्षा आहे. बेडक्यात नाना रंग दिसत असतील आणि तो पाण्यात बुडत असेल, तर रोगी वाचायचा नाही. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथांतही क्षयी माणसाचा बेडका समुद्राच्या पाण्यात टाकून बघायला सांगितलं आहे. आणखी एका सूत्रात तो निखाऱ्यावर ओततात. उग्र दुर्गंध सुटला आणि रोग्याचे केसही गळत असतील, तर आशा सोडायची. दोन्हीकडचे वैद्य एकाच अडचणीतून या वाटेला आलेले दिसतात. छाती उघडून बघता येत नाही, तेव्हा छातीतून जे बाहेर पडतं त्यालाच विचारायचं.

रोगाचं कारण या परीक्षांतून कळत नव्हतं. उपचार हाती घ्यावा की नातेवाइकांना सावध करावं, एवढंच वैद्याला ठरवता येई. पण बेडका हा पुरावा आहे ही समज तेव्हाच रुजली आणि जनुकं वाचणारी यंत्रं आली तरी ती कायम आहे. शरीरात सुई किंवा दुर्बीण न घालता फुप्फुसातले जंतू ओळखायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास हा बराचसा बेडक्याचाच इतिहास आहे. त्यात जंतू बघायच्या साधनांवर अपार बुद्धी खर्च झाली. नमुना माणसाच्या छातीतून बाहेर कसा काढायचा, याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं.

1865 मध्ये व्हिलमँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने क्षयाने मेलेल्या माणसांच्या फुप्फुसातला अंश सशांना टोचून त्यांना क्षय होतो हे दाखवलं. रोग संसर्गाचा आहे, हे त्यातून सिद्ध होत होतं. तरी पॅरिसच्या वैद्यक अकादमीतल्या बड्या मंडळींनी ते मनावर घेतलं नाही. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतूच समोर ठेवला, तेव्हा वाद मिटला. जंतू दिसावा म्हणून त्याला रंग द्यायच्या कॉखच्या पद्धतीला मात्र जवळजवळ एक दिवस लागे. त्या सभेला हजर असलेल्या पाउल एर्लिखने त्याच वर्षी जलद पद्धत शोधली. हा जंतू एकदा रंगला की आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे झील आणि नील्सन यांनी तीत सुधारणा केल्या आणि त्यांच्याच नावाने ती जगभर पोचली. काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्याच बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले आणि हवापालटासाठी त्याला इजिप्तला जावं लागलं.

झील-नील्सनची ही पद्धत एकदा जवळून बघायला हवी, कारण भारतात लाखो माणसांचं निदान तिने केलं आहे. डबीतल्या बेडक्याचा पिवळसर, घट्ट भाग निवडून तो काचपट्टीवर पातळ पसरायचा. पट्टी वाळली की आचेवरून फिरवून थर पक्का करायचा. वर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं. उकळू मात्र द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुऊन आम्ल घालायचं, म्हणजे बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूला मेणचट आवरण असतं, त्यामुळे आत गेलेला रंग तो सोडत नाही. शेवटी निळा मिथिलीन ब्लू. मग तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली निळ्या पटावर बारीक लाल काड्या शोधायच्या. एकामागून एक शंभर क्षेत्रं पाहायची. शंभरांत मिळून दहा ते नव्व्याण्णव काड्या दिसल्या तर निकाल ‘एक अधिक’, प्रत्येक क्षेत्रात दहापेक्षा जास्त असतील तर ‘तीन अधिक’. दिवसभर मान वाकवून हे काम करणारे लॅब टेक्निशियन क्षयनिवारणाच्या गौरवाच्या भाषणांत क्वचितच दिसतात. सगळा डोलारा उभा होता तो त्यांच्या डोळ्यांवर.

1884 मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्येच, न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना, जांभळ्या रंगाची आपली पद्धत शोधली. त्यामुळे क्षयाखेरीजचे जंतूही बेडक्यात ओळखू येऊ लागले.

बेडक्यात रोग आहे हे कळल्यावर बेडका सार्वजनिक प्रश्न झाला. वाळलेल्या बेडक्याच्या धुळीतही जंतू असतात, हे गेओर्ग कॉर्नेटने दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये हर्मन बिग्जने महापालिकेच्या प्रयोगशाळेत बेडका फुकट तपासून द्यायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये क्षयाची नोंद सक्तीची केली. खासगी डॉक्टरांनी त्याला कडाडून विरोध केला. जर्मनीत डेटवायलरने खिशात मावेल अशी निळ्या काचेची झाकणाची बाटली काढली. रुग्ण तिला ‘निळा हाइनरिश’ म्हणत आणि टोमास मानच्या ‘मॅजिक माउंटन’ या कादंबरीत ती येते. बेडका धोक्याचा आहे, हे लोकांच्या मनावर ठसलं आणि त्याबरोबर लाजही आली. चारचौघांत खाकरू नये, थुंकू नये, हे शिकवणं आवश्यकच होतं. पण दवाखान्याच्या खिडकीतून हातात डबी मिळाल्यावर माणूस कोपऱ्यात जाऊन जेमतेम लाळ टाकून येतो, त्यामागे हीच शिकवण असते.

भारतात या तपासणीला खरं स्थान मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. 1959 मध्ये मद्रासच्या प्रयोगाने दाखवून दिलं की सॅनेटोरियमइतकाच गुण घरी राहून गोळ्या घेतल्याने येतो. त्याच वर्षी बेंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथल्या देबाबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. गावोगाव फिरून त्यांनी बेडक्यात जंतू असलेली माणसं शोधली आणि त्रास होतो तेव्हा तुम्ही काय करता, असं त्यांना विचारलं. खेड्यातला माणूस आजार अंगावर काढतो, अशी शहरी डॉक्टरांची समजूत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक जण आधीच सरकारी दवाखान्याची पायरी चढून आले होते. तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. माणूस आला होता, बेडका त्याच्या छातीत होता, काचपट्टी आणि भिंग मिळण्यासारखं होतं. तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. देशभर एक्स-रे गाड्या फिरवण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात खोकला घेऊन येणाऱ्याचा बेडका तपासा, हे धोरण या पाहणीतून पक्कं झालं.

स्वस्त तपासणीला मर्यादाही होत्या. भिंगाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. अंड्याच्या पोषकावर वाढवले तर त्याहून फार कमी पुरतात, पण सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. शिवाय सगळा हिशेब डबीत बेडका आहे, असं धरून केलेला असतो. डबीत लाळ असेल तर कुठलीच पद्धत काही करू शकत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी याचे निकष बसवले. भिंगाखाली तोंडातल्या चपट्या पेशी जास्त दिसल्या तर नमुना लाळेचा, तो परत पाठवायचा. पू-पेशी भरपूर आणि चपट्या पेशी कमी असतील तर तो छातीतून आला आहे. नमुना चुकला हे प्रयोगशाळेला आता कळू लागलं. रुग्णाला योग्य नमुना द्यायला शिकवणं अजूनही कुणाचंच काम नव्हतं.

पाकिस्तानातल्या रावळपिंडीत काही संशोधकांनी हे काम करून बघितलं. तिथल्या क्षयरोग केंद्रात बायकांच्या नमुन्यांत जंतू सापडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी होतं. संशोधकांनी अर्ध्या रुग्णांना नेहमीप्रमाणे डबी दिली आणि अर्ध्यांना आधी समजावून सांगितलं. लाळ कुठली, बेडका कुठला, श्वास खोल कसा घ्यायचा, खोकला छातीच्या तळातून कसा काढायचा. 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. न समजावलेल्या बायकांत 8 टक्के नमुन्यांत जंतू सापडले, समजावलेल्यांत 13 टक्के. पुरुषांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चारचौघांत मोठ्याने खाकरू नये, हे आपल्याकडे मुलींवर लहानपणापासून बिंबवलं जातं. त्याची किंमत त्यांच्या निदानात मोजावी लागत होती. काही मिनिटं बोलल्याने एवढा फरक पडतो. तरीही नव्या यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि समजावून सांगणाऱ्या माणसाची जागा रिकामी राहते, हे मला अजून पटत नाही.

मुलांची गोष्ट आणखी अवघड. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच डॉक्टरांनी पोटातून तो परत मिळवायची युक्ती रूढ केली. पहाटे मूल उठायच्या आत, उपाशीपोटी, नाकातून जठरात नळी घालून तिथलं पाणी ओढून घ्यायचं, तेही तीन दिवस ओळीने. त्यासाठी मुलाला भरती करायचं आणि आईने रात्रभर उशाशी बसायचं. यात शस्त्रक्रिया नाही, पण याला बिनत्रासाचं कुणी म्हणू नये. 2005 मध्ये केपटाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग तपासला. तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने मुलाला द्यायची, म्हणजे श्वासनलिकांत पाणी ओढलं जातं, कफ सैल होतो आणि खोकला येतो. मग घशातून तो नळीने ओढून घ्यायचा. महिनाभराच्या बाळापासून पाच वर्षांच्या मुलांपर्यंत 250 जणांवर हे केलं. असा एक नमुना पोटातल्या तीन नमुन्यांच्या तोडीचा ठरला. मिठाच्या वाफेची ही कल्पना मुळात 1950 च्या दशकात कर्करोगाच्या पेशी शोधायला वापरली गेली होती. नंतर ती दम्याच्या अभ्यासात आली आणि मुलांच्या क्षयापर्यंतही पोचली.

दरम्यान थेट आत शिरण्याची वाटही रुंद होत होती. गुस्टाफ किलिअनने 1897 मध्ये सरळ धातूची नळी श्वासमार्गात घालून अडकलेलं हाड काढलं. 1960 च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदांनी वाकणारी दुर्बीण बनवली. फुप्फुसाच्या कोपऱ्यात पाणी सोडून ते परत ओढायचं आणि तपासायचं, हे तंत्र त्यातून आलं आणि तेच प्रमाण मानलं जाऊ लागलं. मग प्रश्न उभा राहिला तो सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांचा. 1938 मध्ये डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. यात कफ चिकट होतो आणि स्युडोमोनाससारखे जंतू फुप्फुसात ठाण मांडतात. लवकर सापडले तर हटवता येतात, उशीर झाला तर कायमचे राहतात. म्हणजे मूल बेडका द्यायला शिकण्याआधीच त्याची तपासणी हवी. घशात बोळा फिरवणं सोपं, पण घशातला जंतू फुप्फुसातला असेलच असं नाही आणि फुप्फुसातला घशात दिसेलच असंही नाही. मग बाळांना भूल देऊन दुर्बीण घालायची का?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी 170 बाळांवर हे ताडून पाहिलं. निम्म्यांवर दुर्बिणीच्या निष्कर्षांनुसार उपचार केले, निम्म्यांवर घशातल्या बोळ्यानुसार. 2011 मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांत स्युडोमोनासचं प्रमाण आणि फुप्फुसाचं नुकसान यांत फरक नव्हता. मग 2018 मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या गटाने मिठाच्या वाफेने काढलेला बेडका, खोकताना घेतलेला बोळा आणि दुर्बीण, तिन्हींची तुलना केली. वाफेचा बेडका बोळ्यापेक्षा कितीतरी सरस ठरला आणि फुप्फुसाच्या एक-दोन खंडांतून दुर्बिणीने घेतलेल्या पाण्याच्या जवळपास पोचला. म्हणून प्रत्येक बाळाला उठसूट भूल देण्याआधी वाफ द्यावी, हे आता ठामपणे म्हणता येतं. पुढचं वळण असं की सिस्टिक फायब्रोसिसची नवी औषधं इतकी चांगली निघाली की ती मिळणाऱ्या बऱ्याच रुग्णांना बेडका येईनासाच झाला. रोग आटोक्यात, पण तपासायला नमुना नाही.

सिस्टिक फायब्रोसिस आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी ओळखला जातो. आपल्याकडची मोठी व्यथा ब्रॉंकिएक्टेसिसची आहे. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, कफ साठतो, जंतू मुरतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या 2,195 रुग्णांच्या नोंदीत त्याचं सर्वांत मोठं कारण जुना क्षय निघालं, सुमारे 35 टक्के. टीबी बरा झाला, खोकला गेला नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. ‘पुन्हा टीबीच उलटला असेल’ म्हणून त्यांना पुन्हा त्याच गोळ्या देण्याआधी बेडक्याचं कल्चर करावं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघावेत. सीओपीडी या श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या रुग्णांना तर स्वतःच्या डोळ्यांचाही उपयोग आहे. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट स्टॉक्ली यांच्या गटाने 2000 मध्ये दाखवलं की दम वाढलेला असताना बेडका हिरवा झाला असेल तर त्यात जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. तो हिरवेपणा जंतूंचा नसतो, त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्याचा असतो. रंग बघणाऱ्या जुन्या वैद्यांच्या नजरेला हा मान मिळायला अडीच हजार वर्षं लागली.

नुसत्या श्वासातून जंतू कळतील का, हा या वंशावळीतला सर्वांत तरुण प्रश्न आहे. त्याची मुळं बाल्टिमोरच्या एका वॉर्डात आहेत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. ते प्राणी रुग्णांच्या जवळपासही गेले नव्हते, तरी त्यांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांत अतिनील किरणांनी शुद्ध केलेली हवा जात होती, तिथले निरोगी राहिले. जंतू हवेत असतात हे पक्कं झालं, मग ते हवेतच का पकडू नयेत? इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात मायकेल बॅरर यांच्या गटाने मास्कच्या आत छोटी पट्टी बसवली. रुग्णाने मास्क लावून आपलं काम करत राहायचं, नंतर पट्टी विरघळवून जंतूंचं डीएनए शोधायचं. 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या अभ्यासात बेडक्यातले जंतू आणि श्वासातले जंतू यांचा मेळ बसला नाही. काहींच्या बेडक्यात काही सापडलं नव्हतं पण मास्कमध्ये सापडलं, आणि पुढे त्यांना क्षय असल्याचं निश्चित झालं. म्हणजे बेडका कोरा आला तरी माणूस निर्धास्त राहू शकत नाही.

वासाकडेही संशोधक वळले आहेत. स्युडोमोनासच्या वाढीला द्राक्षांसारखा वास येतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. टांझानियातल्या मोरोगोरोमध्ये मोठे आफ्रिकी उंदीर बेडक्याच्या वासावरून क्षय ओळखायला शिकवले आहेत. भिंगातून सुटलेले नमुनेही ते पकडतात. श्वासातल्या वायूंवरून जंतू ओळखणारी उपकरणं मात्र अजून रोजच्या दवाखान्यात आलेली नाहीत.

यंत्रांच्या बाजूने बघितलं तर गेलं दीड दशक वेगवान होतं. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्ट या जनुकं वाचणाऱ्या यंत्राला मान्यता दिली आणि दोन तासांच्या आत क्षय आहे का, त्यावर रिफॅम्पिसिन हे औषध चालेल का, हे कळू लागलं. 2020 मध्ये गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटलाही मान्यता मिळाली. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र वातानुकूलित खोलीशिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. गिळलेल्या बेडक्यातलं डीएनए शौचातही उतरतं, म्हणून आता मुलांच्या शौचावरही जीनएक्स्पर्ट चालतं आणि नाकातल्या नळीची पाळी पुष्कळदा टळते. जिभेवर बोळा फिरवून क्षय ओळखण्याचे प्रयोगही जोरात आहेत.

तुमच्यापैकी कुणाला किंवा घरातल्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. डबी मिळाली की घाई करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका. चमचाभर तरी घट्ट बेडका हवा, लाळ नको. एक नमुना पहाटे उठल्या उठल्या द्या. घरातली आई, काकू, सून लाजत असेल तर तिला शेजारी उभं राहून समजावून सांगा. आणि मुलाला बेडका येत नसेल तर शौचाची किंवा वाफेची तपासणी होईल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.